इन्थाच्या गाडीखालचा डाग

लुंग इन्थाला आग सोडून कशाचीच भीती नव्हती. साप शेपटीला धरून बांधापलीकडं भिरकवायचा. धुक्यात स्वतःच्याच गाडीचं नाकाड दिसत नसताना हुएफाकचा घाट उतरायचा, आणि तोंडातला मियांगचा, म्हणजे आंबवलेल्या चहापत्तीचा गोळा या गालातून त्या गालात घोळवत राहायचा. पण जळक्या ऑइलचा वास आला की गोळा जागच्या जागी थांबायचा. त्यामुळं त्याच्या शेजारी बसणारे आम्ही लोक रस्त्याकडं बघतच नसू, त्याच्या गालाकडं बघायचो. गाल हलतोय तोवर ठीक.

ही भीती जुनी. जवानीत तो सागाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा. एकदा घाटात देव्हाऱ्याच्या वळणावर त्याच्या पुढचा ट्रक पेटला. चालवणारा त्याच्याच ताटात जेवणारा गडी होता. इन्था बादली घेऊन धावला, पण डोंगराच्या त्या अंगाला पाण्याचा थेंब नाही. रिकामी बादली हातात घेऊन तो उभा राहिला आणि सगळं ऐकत राहिला. बघवलं नाही म्हणून डोळे मिटले होते, कान कसे मिटणार? तेव्हापासून त्या वळणावर वाटेतल्या देवाला तो तीनदा हॉर्न द्यायचा. सगळेच ड्रायव्हर देतात. पण मान वळवून तिकडं बघायचा नाही.

आमच्या चिआंगमाईच्या डोंगरात लुंग म्हणजे काका. लहानथोर सगळे त्याला लुंग म्हणायचे, बायकोसुद्धा. बायको सेंगला. गावासाठी पा सेंगला, म्हणजे सेंगलामावशी. जीभ मिरचीच्या ठेच्यासारखी. तिची मूत्रपिंडं निकामी झालेली, म्हणून आठवड्यातून दोनदा खाली तालुक्याच्या दवाखान्यात रक्त धुवायला जावं लागायचं. मोटारसायकलवर तिला बसवत नसे. गावातला दुसरा टेम्पो कोबी भरून डोंगराच्या पलीकडं उतरायचा. राहिली इन्थाची गाडी. डिझेलवर चालणारी म्हातारी, मागं पत्र्याच्या टपाखाली समोरासमोर दोन बाकडी, त्यावर माणसं, खाली टोपल्या आणि कोंबड्या. ही गाडी उतरली तर सेंगला जगणार. सरळ हिशेब होता.

पाऊस सरता सरता ही गाडी चिखलात घसरली. मागचं एक चाक दरीवर लोंबकळलं. इन्था ब्रेकवर उभा, आणि आम्ही टपाला धरून एकेक करत पुढच्या अंगानं उतरलो. दोर लावून गाडी ओढून काढली. कुणाला खरचटलंही नाही, पण सगळ्यांची तोंडं राखेसारखी झाली होती.

माणूस असा दचकला की त्याचा ख्वान, आतला जीव म्हणा, अंगातून निघून जातो आणि जिथं दचकला तिथंच बसून राहतो. त्याला हाका मारून घरी आणायचं आणि मनगटाला पांढरा दोरा बांधून कोंडायचं, ही आमची रीत. त्या संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर सगळ्यांची मनगटं बांधून झाली. तेव्हा सेंगला उठली.

"सगळ्यांत जास्ती भ्याली ती गाडी. तिला कोण बांधणार?"

कुणी हसलं नाही. गाडीत एक बाई राहते, तीच गाडीला सांभाळते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. इन्थानं बॉनेट उघडून धरलं. सेंगला आत डोकावून मनगट शोधायला लागली. एवढ्या लोखंडात मनगटासारखं काय असणार? शेवटी रबराची एक नळी तिच्या हाताला लागली. मनगटाएवढीच जाड, मऊ आणि कोमट.

"ये गं बाई, दरीत बसू नगंस. थंडी वाजंल. घरला ये," असं म्हणत तिनं दोरा गुंडाळला आणि गाठ मारली. चांगली करकचून, परत निसटायला नको म्हणून.

काही दिवसांनी गाडीखाली डाग दिसला. भाकरीएवढा, काळा.

घाटाच्या पायथ्याला नोप मिस्त्रीचं गॅरेज. त्यानं इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. डाग थोडा मागं सरकला. मग गिअरबॉक्स उतरवून मागचं सील बदललं. तर ऑइल मोजायच्या पट्टीच्या भोकातून यायला लागलं.

"लुंग, ही गाडी न्हाई, चाळण हाय," नोप म्हणाला. "एक भोक बुजवावं तर दुसरं उघडतंय."

"तू भोकं बुजीवतोस का पाडतोस रं?"

"आता माज्यावर घ्या! माजा बाप रिपेर करीत हुता हिला."

"त्यो बरा हुता."

बोलायचा असं, पण गाल हलत नव्हता. गळलेलं ऑइल सायलेन्सरच्या तापलेल्या पायपावर पडायचं आणि चढाला लागलं की पायाखालच्या फटीतून निळा धूर वर यायचा. इन्था एका हातानं चाक धरायचा आणि दुसऱ्या हातानं पायाखालची फळी चाचपायचा. तापली का? सीटखाली वाळूची पोती आली. बायाबापड्या वळणाआधीच उतरून चालायला लागल्या. "पाय मोकळं हुत्यात," म्हणायच्या. पाय मोकळे करायला घाटात कोण उतरतं?

आणि गळती वाढली की सेंगला देवळात जायची, भंतेंकडून मंतरलेला दोरा आणायची, त्याच नळीवर आणखी वेढे द्यायची. बांधलेला दोरा कापत नाहीत. बांधणाऱ्यानं सोडावा, नाहीतर आपोआप गळून पडावा. त्यामुळं दोऱ्यावर दोरा चढून मक्याच्या कणसाएवढी गुंडाळी झाली. नोप इंजिन धुवायचा तेव्हा त्या गुंडाळीला हात जोडायचा आणि तिच्या अलीकडून पलीकडून फडकं फिरवायचा. तिला शिवायचं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

इन्थानं सेंगलाला पुढच्या सीटवरून उठवून मागं, अगदी कडेला बसवायला सुरुवात केली.

"मला कोंबड्यांत बसीवतोस व्हय रं म्हाताऱ्या?"

"मागं वारं लागतंय."

"वारं न्हाई. उडी मारायला बरं, आसं म्हण की."

इन्था म्हणाला, "ह्या बारीला ऱ्हाऊ दे. नगं जायला."

"आन काय करू? घरी बसून फुगू? पेटून मरायचं तर निदान लवकर हुतंय."

त्यावर त्यानं तिच्याकडं असं बघितलं की सेंगलाची जीभसुद्धा आत गेली. पेटून मरणं लवकर होत नाही, हे त्यानं ऐकलेलं होतं.

ते गेले. मीही होतो. परत येताना पायथ्याशीच एवढा धूर झाला की इन्थानं गाडी सरळ नोपच्या दारात घातली आणि चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. "सापडत न्हाई तवर मी हिला हात लावणार न्हाई."

नोपनं डिझेलनं इंजिन धुतलं, पुसलं, वाळवलं. मग घरातून अंगाला लावायच्या पावडरीचा डबा आणून सगळ्या इंजिनावर शिंपडला. पीठ मळणाऱ्या बाईसारखं ते पांढरंफट्ट झालं. आता जिथून ऑइल निघेल तिथं पांढऱ्यावर काळी वाट उमटणार. गाडी सुरू केली. आम्ही सगळे बॉनेटवर वाकलो. काही नाही. कोरडं ठणठणीत.

"उभ्या उभ्या गळत न्हाई ही," नोप हात पुसत म्हणाला. "जोर लागला की गळतीया. चढाला घेऊया. वळणापातूर."

इन्थाचा चेहरा उतरला. "ते वळण नगं. दुसरीकडं चल."

"दुसरा चढ कुठाय, लुंग?"

नव्हताच. "चालवणार तुमी, बघणार मी," म्हणत नोपनं चावी इन्थाच्या हातावर परत ठेवली आणि शेजारी बसला. सेंगलाला इन्थानं गॅरेजमध्ये थांब म्हटलं, तर ती आधीच मागं चढून बसली होती. तिच्या शेजारी मी. तिच्या डाव्या हाताला दवाखान्याची जाड पट्टी, उजव्या हातानं तिनं माझी बाही धरलेली. पहिल्याच चढाला वास आला. मग फळीच्या फटीतून धूर. गाडी रडत रडत वर चढत होती, आणि मागच्या काचेतून मला इन्थाची मान दिसत होती, घामानं भिजलेली. वळण आलं, देव्हारा आला. हॉर्न वाजला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो विसरला.

गाडी थांबली. नोप उडी मारून पुढं गेला. इन्थाचे हात चाकाला चिकटल्यासारखे झाले होते.

"लुंग, बंद करू नका! चालू ऱ्हाऊ द्या!" नोपनं बॉनेट उघडलं. पांढऱ्या पावडरीवरून तीन ठिकाणी काळे ओघळ आलेले. ऑइलची पट्टी तर आपल्या भोकातून बोटभर वर उठून आली होती, कुणी आतून ढकलल्यासारखी. नोपनं फडकं धरून ऑइल भरायचं झाकण फिरवलं. फस्सदिशी झाकण हातातून उडालं आणि गरम ऑइल त्याच्या बाहीवर आलं.

"बंद करा! बंद!" तो ओरडला. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "लुंग, काय फुटल्यालं न्हाई. हिचा श्वास कोंडलाय. इंजिनाच्या पोटातली हवा ज्या वाटंनं भाईर जाती ती वाट बंद हाय. म्हून आतला जोर सापडंल त्या फटीतनं ऑइल ढकलतोय."

"कुठली वाट?"

नोपनं झाकणापासून निघालेल्या रबरी नळीवर बोट ठेवलं आणि सरकवत नेलं. एका जागी बोट थांबलं. पुढं गेलं नाही. ती काळीकुट्ट झालेली दोऱ्याची गुंडाळी होती.

सायलेन्सरवर ऑइल चरचरत होतं. सेंगला उतरून पुढं आली.

"काय झालं? का थांबलायसा?"

नोप आपल्या बाहीकडं बघायला लागला. इन्थाला खाली उतरून आत बघावं लागलं.

"सेंगला," तो म्हणाला, "ते मनगट न्हवं गं. गळा हाय तिचा."

तिनं गुंडाळीकडं बघितलं. मग धुराकडं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. घाबरून घाबरून तिनं एकेक वेढा वाढवला होता, आणि प्रत्येक वेढ्यानं गळती वाढली होती.

"सोडला तर ती जाईल," ती पुटपुटली. "हितनंच, ह्याच दरीत."

"न्हाई सोडला तर पेटंल, पा," नोप म्हणाला. त्याच्या खिशात चाकू होता. त्यानं तो काढला नाही.

सेंगलानं हात घातला. गाठी ऑइल पिऊन दगड झालेल्या, आणि पट्टीच्या हाताला जोर देता येईना. नखं घसरायची. "लुंग," ती म्हणाली, "माज्यानं हुईना."

इन्थानं दरीकडं बघितलं. मग देव्हाऱ्याकडं बघितलं, नीट, मान वळवून. गालातला मियांगचा गोळा थुंकला, आणि त्या धुरकट, चरचरणाऱ्या इंजिनात खांद्यापर्यंत वाकून त्यानं गाठ दातांत धरली. खोकला, शिव्या दिल्या, परत वाकला. गाठ सुटली की सेंगला वेढे उलगडायची आणि पुटपुटायची, "जाऊ नगंस गं, हितंच ऱ्हा, मोकळी ऱ्हा." मग पुढची गाठ.

शेवटचा वेढा निघाला तेव्हा नळी मुंगीच्या कमरेसारखी दिसत होती. नोपनं ती बोटांनी मळून मळून गोल केली. गाडी सुरू केली. ऑइलची पट्टी जागेवरच बसून राहिली.

इन्थाच्या मिशा, दात, हनुवटी सगळं काळं. सेंगलानं त्याच्याकडं बघितलं. "मढ्यावाणी दिसतोयस."

"तुजाच दोरा चावलाय."

नोपनं नंतर नवी नळी घातली. तो दोरा सेंगलानं टाकला नाही. आरशाच्या दांड्याला बांधायचं ठरवलं, पण आधी नोपला बोलावून विचारलं, "हितं बांधला तर कुणाचा श्वास जाईल का रं?"

"न्हाई पा. निस्तं लोखंड हाय."

"नीट बघ."

त्यानं नीट बघितलं.

पुढच्या दवाखान्याच्या दिवशी ती पुढं बसली. वळणावर तीनदा हॉर्न वाजला. गाल काही हलत नव्हता, पार पायथ्यापर्यंत. आता गाडीखाली डाग नसतो. तरी इन्था रोज सकाळी गुडघ्यावर बसतो, खालची माती बोटानं उचलतो, हुंगतो, आणि मगच सेंगलाला हाक मारतो.