गेश मोडल्यानंतर

नेपरव्हिलला आमच्याकडे एकच कार होती आणि ती दिवसभर स्टेशनच्या पार्किंगमध्ये उभी असायची. नवरा सकाळच्या ट्रेननं शिकागोला जायचा, मी घरात. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, एम.एस्सी.ची पदवी सुटकेसमध्ये होती आणि थंडीत बाहेर गुडघाभर बर्फ. शेजारच्या काकू म्हणायच्या, "एन्जॉय कर गं, आराम आहे तुला." आराम! त्या शब्दाचा राग मी कणकेवर काढायची.

चालत जाण्याजोगं ठिकाण एकच, लायब्ररी. २००४च्या ऑक्टोबरात तिथे केल्टिक पुराणकथांचा वर्ग सुरू झाला. फुकट होता आणि कुणी व्हिसा विचारत नव्हतं, एवढ्यावर मी नाव घातलं. केल्ट म्हणजे कोण, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

शिकवणारे गृहस्थ निवृत्त शाळामास्तर. त्यांची आजी आयर्लंडहून आलेली, पण तिला यातली एकही कथा येत नव्हती, ती नुसती जपमाळ ओढायची. आपण सगळं पुस्तकांतून शिकलो, हे ते पहिल्याच दिवशी सांगून मोकळे झाले. मला माणूस आवडला. ते म्हणाले, केल्ट हे एक राष्ट्र कधी नव्हतंच. एकमेकींच्या जवळच्या भाषा बोलणाऱ्या टोळ्या होत्या त्या, एके काळी युरोपात दूरवर पसरलेल्या. त्यांचे विद्वान पवित्र विद्या लिहीत नसत, पाठ करत. हे ऐकून मी सरसावून बसले, कारण हे तर आपल्याकडचंच झालं. पुढे आयर्लंडमधल्या ख्रिस्ती मठांत या कथा वासराच्या कातड्यावर लिहिल्या गेल्या. लिहिताना न पटलेलं किती गाळलं आणि पदरचं किती घातलं, कोण जाणे.

मग एकदा त्यांनी 'गेश' सांगितला. गेश म्हणजे एखाद्या माणसावर जन्मभरासाठी घातलेलं बंधन. एका वीरावर असे दोन होते. कुत्र्याचं मांस खायचं नाही, आणि कुणी चुलीपाशी बोलावलं तर जेवायला नाही म्हणायचं नाही. वाटेत त्याला तीन म्हाताऱ्या भेटतात, चुलीवर कुत्र्याचं मांस शिजवणाऱ्या. म्हणतात, ये बाबा, दोन घास खाऊन जा.

"मग?" मी विचारलं.

"खाल्लं त्यानं. ज्या हातानं खाल्लं तो लुळा पडला, आणि पुढे लढाईत मेला."

"पुन्हा गेश पाळायची संधी?"

"नाही. मोडला की मोडला."

मला हे पटेना. मी वर्गाला आपल्या व्रतांच्या कहाण्या सांगितल्या. तिथेही उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. पण बाई उतते, मातते, वसा टाकते, दारिद्र्य येतं. मग तिचे डोळे उघडतात, ती वसा पुन्हा घेते आणि गेलेलं सगळं परत मिळतं.

"तुमचे देव दयाळू दिसतात," मास्तर म्हणाले. मी उगाचच फुशारले.

त्याच सुमाराला मला युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला, असिस्टंटशिपसकट, म्हणजे फी माफ आणि वर थोडा पगार. विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज केला. जानेवारीत माझी सुटका होणार होती. आणि नोव्हेंबरात साताऱ्याहून भावाचा फोन आला. आईला हार्ट ॲटॅक आला होता, बायपास करायची होती.

नवऱ्यानं वकिलाला विचारलं आणि मला म्हणाला, "अगं, तू आत्ता ट्रॅव्हल केलंस तर ॲप्लिकेशन कॅन्सल होणार. जानेवारीत जॉईन केलं नाहीस तर असिस्टंटशिप पण गेली. बघ यार, डिसिजन तुझा आहे."

फोनवर बाबा म्हणाले, "येऊ नकोस. तुझ्या आईनंच बजावलंय, पोरीचं शिक्षण मोडायचं नाही." मागून आत्याचा आवाज आला, "पोटची पोर नाही येणार तर कोण येणार?" इकडे आड, तिकडे विहीर. स्वयंपाकघरात उभी राहून मी हमसून हमसून रडले. इतकी कोंडी मला त्या घरात आधी कधी जाणवली नव्हती.

मी गेले. आईच्या ओढीनं गेले हे खरंच. पण मनात कुठेतरी कहाणीही होती. आईसाठी सोडलेलं आपल्याला परत मिळणार, अशी माझी खात्री होती.

ऑपरेशन नीट झालं. आई शुद्धीवर आली, तिनं मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. पुढे माझ्याशी बोलेचना. शेवटी एकदा पेज भरवताना म्हणाली, "मी मरेन म्हणून आलीस ना? आता मेले नाही तर?"

"आई, काहीतरीच काय बोलतेस!"

"काहीतरीच नाही. एवढं घालवून आलीस आणि मी जिवंत." मग तिनं पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. भावजय तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही.

फेब्रुवारीत परत आले तोवर माझी जागा दुसऱ्याला दिली होती. पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला, तेव्हा प्रवेश मिळाला, असिस्टंटशिप नाही, आणि फी परवडणारी नव्हती. त्यानंतर मुलगी झाली. लायब्ररीत मास्तर भेटले तेव्हा मी त्यांना चिडून म्हटलं, "तुमचा वीर मरून सुटला. गेश मोडून रोज भांडी कशी घासायची, हे का नाही लिहिलं कुणी?" त्यांनी मला कॉफी पाजली.

एका रविवारी मुलीला मांडीवर घेऊन मी साताऱ्याला फोन लावला. आई खुशीत होती. "अगं, आता मी गच्चीपर्यंत एका दमात चढते!"

मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. आणि त्याच क्षणी मला तिचा राग आला, ती बरी झाली म्हणून. माणसाला असाही राग येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "सावकाश चढत जा."