मिठाचे खोके

त्या उन्हाळ्यात आमच्या घरची मिरचीची रोपं माझ्यामुळे जळाली. वहिनींमुळे नाही. आज हे लिहिताना हात अडखळत नाही, पण तेव्हा एवढंच तोंडाने सांगायला मला सहा वर्षं लागली. ती सहा वर्षं माझी नव्हे, वहिनींची गेली.

आमचा मळा वाशीमपासून फार दूर नव्हता. वांगी, टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी असं सगळं आम्ही वाशीमच्या बाजारात नेत असू, पण घराची खरी भिस्त मिरचीवर. मिरचीचं रोप दरवर्षी मळ्यातच, विहिरीशेजारच्या वाफ्यावर टाकलं जायचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एक उन्हाळा असा आला की चैत्र संपायच्या आतच विहिरीचा तळ दिसू लागला. बाबा म्हणाले, "यंदा रोप घरीच टाकू, आंगनात. आडाचं पानी डोक्यावर आनता तरी येईल."

रोप कशात टाकायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी मॅट्रिक झालो होतो, पुढे शिकलो नव्हतो, आणि शेतकी खात्याच्या एका पत्रकात लाकडी खोक्यातल्या रोपांचं चित्र पाहिलं होतं. तेवढ्या बळावर घरात मी या विषयातला जाणकार ठरलो होतो.

मी विचार अगदीच केला नाही असं नाही. घासलेटचे रिकामे पिपे आडवे कापून वापरता आले असते, पण आमच्याकडच्या वैशाखात टिनाला दुपारी हात लावता येत नाही, मुळं शिजली असती. फुटक्या माठांची खापरं होती, पण ती उथळ, दोन बोटं मातीही धरेनात. बांबूच्या टोपल्या शेणाने सारवून घेतल्या तरी दीड महिना पाणी खाल्ल्यावर त्यांचे तळ सुटतात. हे सगळं मी घरच्यांना मोठ्या थाटात समजावून सांगितलं. वहिनी भाकरी थापत ऐकत होत्या. दादाचं लग्न होऊन सहा-सात महिने झाले होते. त्या जऊळक्याकडच्या, माहेरीही मळाच होता.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, पयसाच्या पानाचे द्रोन लावा ना. आमच्याकडे असंच करते. एका द्रोनात दोन बिया. लावाच्या वक्ताले द्रोनासकट वावरात ठेवून द्याचं, मुयीले धक्का नाई."

"म्हंजे मिरच्याची पंगत बसवाची म्हना!" मी म्हणालो. दादा हसला, मायही हसली.

"बसवा ना," वहिनी तवा फिरवत म्हणाल्या. "आमच्या पंगतीतून कोनी उपाशी नाई उठत."

आता बाबाही हसले, आणि ते हसणं माझ्यावर होतं. नवी सून चारचौघांत माझ्यापेक्षा शहाणी ठरली, एवढीशी गोष्ट. पुढचं सगळं त्या एवढ्याशा गोष्टीतून झालं.

दुसऱ्या दिवशी मी वाशीमला गेलो. ओळखीच्या एका किराणा दुकानदाराने दुकानापुढचे जुने खोके काढून ठेवले होते. सागाच्या फळ्यांचे, वीतभर खोल, कोपरे भक्कम. असे सहा. पत्रकातल्या चित्रातल्यासारखेच. त्यांत तो वर्षानुवर्षं खड्यांचं मीठ ठेवत आला होता. त्याने स्वतःहून सांगितलं, "मिठाचे हायेत बरं. चांगले चार-पाच दिवस भिजत घाला, मंग वापरा."

चार-पाच दिवस भिजत घालायला पाणी कुठून आणायचं? प्यायचं पाणी माय आणि वहिनी आडावर ताटकळत उभ्या राहून आणत होत्या. मी घरामागे प्रत्येक खोक्यावर दोन-दोन तांबे ओतले, गवताच्या बोळ्याने घासलं, उन्हात वाळवलं. लाकूड वाळल्यावर पांढुरकं दिसत होतं. मला ते स्वच्छ वाटलं.

वहिनी बादली घ्यायला मागे आल्या होत्या. त्यांनी एका फळीवरून बोट फिरवलं. "खोके कायचे हायेत भाऊजी?"

"साबनाचे," मी म्हणालो.

का खोटं बोललो, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं. मिठाचे म्हणालो असतो तर त्या लगेच नको म्हणाल्या असत्या आणि पुन्हा पळसाच्या पानांवर आल्या असत्या. दुसरं काही कारण नव्हतं.

माती, कुजलेलं शेणखत आणि वाळू चाळून खोके भरले. मुंग्या लागू नयेत म्हणून बियांना राख चोळली. आठ-दहा दिवसांत बी उगवून आलं. सहाही खोक्यांवर हिरवी लव. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला अंगणात बोलावून दाखवत. वहिनींनीही आपल्या हौसेखातर चाळीसेक द्रोण लावून घरामागे निंबाच्या सावलीत मांडले होते. त्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं.

रोपं चार पानांवर आली आणि थांबली. आधी फळीलगतची. पानांचे शेंडे तपकिरी झाले, कडा वर वळल्या, मग रोपटं वाळल्या दोऱ्यासारखं आडवं पडलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतली ओळ. मी पाणी वाढवलं, गोणपाट बांधून सावली केली. तिसऱ्या दिवशी आणखी आतली ओळ गेली.

एका दुपारी घरात सगळे आडवे झाले असताना मी खोक्यांशी उकिडवा बसलो. मातीवर, कडेकडेने, पांढरी साय धरली होती. मी ती बोटाने खरवडली आणि जिभेवर ठेवली.

खारट. निव्वळ मीठ.

लाकडाने वर्षानुवर्षं प्यायलेलं मीठ मी रोज पाणी घालून मातीत उतरवत होतो. उन्हाने पाणी उडत होतं, मीठ राहत होतं. मी थुंकलो, तोंड धुतलं आणि ती पांढरी साय काडीने मातीत मिसळून टाकली. कुणाला दिसू नये म्हणून. त्या क्षणापासून मी चुकलेला राहिलो नाही, गुन्हेगार झालो.

त्याच संध्याकाळी माय ओट्यावर उभी राहून म्हणाली, "मले समजलं हे कायनं झालं."

 मला वाटलं, तिने मला पाहिलं.

"मंगळवारी हिनं पानी टाकलं खोक्याईत. बाजूले बसली होती ना तू तवा?"

आमच्याकडे तेव्हा पाळीच्या दिवसांत बाजूला बसलेल्या बाईने लोणच्याला, पापडाला, रोपाला शिवायचं नसे. सावलीही पडू द्यायची नसे. आमच्याच नव्हे, गावातल्या बहुतेक घरांतून असंच होतं आणि त्यावर कुणी वाद घालत नसे.

वहिनी म्हणाल्या, "माय, सोमवारीच न्हानं झालं माह्यं. तुमीच तर पानी तापोलं होतं."

"मले नको शिकवू."

"शिकवून नाई राह्यली. मांगचे द्रोन पाहा ना. त्यालेही मीच पानी टाकते. माह्या हातानं जळते तर ते कसे हिरवे?"

घरामागचे द्रोण खरंच हिरवेगार होते. मला वाटलं, आता सुटल्या त्या, आणि मीही सुटलो. पण मायचा चेहरा आणखी कठीण झाला.

"तेच तर म्हन्ते मी! आपले जगवले अन् आमचे जाळले. हात जळका नसता तर असं झालं असतं का व?"

 बाबा खोक्यांपाशी जाऊन वाकले, कडेची माती चिमटीत घेऊन चोळली. बाईच्या सावलीने जळालेली रोपं कडेपासून ओळीने जळत नाहीत, हे त्यांच्यासारख्या माणसाला दिसलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कायचे होते रे खोके?"

 दादा खांबाला टेकून उभा होता. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या, डोळ्याची पापणी न हलवता. मला फक्त एक शब्द बोलायचा होता.

"साबनाचे," मी म्हणालो.

बाबांनी हात झटकले आणि आत गेले.

माय दोन दिवसांत पुढचं ठरवून मोकळी झाली. रोप आता शेजारच्या गावातून विकत आणायचं. ते वावरात रुजेपर्यंत वहिनींनी घरात राहायचं नाही, माहेरी जायचं. दादाने मान खाली घातली आणि हो म्हणाला. घरामागचे द्रोण मायने उकिरड्यावर टाकले. वहिनी त्या वेळी पेटी भरत होत्या. त्यांनी खिडकीतून पाहिलं, पण बाहेर आल्या नाहीत.

त्यांना वाशीमच्या स्टेशनवर सोडायला दादा आणि मी गेलो. पेटी माझ्या डोक्यावर होती. सबंध वाटेत मी वाक्य जुळवत होतो. मारुतीच्या पाराशी सांगू, मग सडक लागली की सांगू, मग दादा तिकीट काढायला गेला की सांगू. दादा तिकीट काढायला गेला. फलाटावर आम्ही दोघंच उभे होतो.

"भाऊजी," वहिनी हळू म्हणाल्या, "खरं सांगा. ते खोके साबनाचे नव्हते ना?"

मी रुळांकडे पाहिलं. लांबवर धूर दिसत होता.

"गाडी येऊन राह्यली," मी म्हणालो आणि पेटी उचलली.

दादा त्यांना जऊळक्याला पोचवून संध्याकाळच्या गाडीने परत आला. 

रोप केव्हाच रुजलं होतं, तरी तो त्यांना घेऊन आला तो दिवाळीनंतरच. त्या पूर्वीसारख्याच राबत होत्या, पण मळ्यात त्यांना निंदणापलीकडे काम नव्हतं. बी, रोप, लावणी यांपासून दूर. गावात 'जळक्या हाताची' हे नाव त्यांच्याआधी पोचलं होतं. बायका एकमेकींकडे पापड लाटायला जात, लोणच्याच्या कैऱ्या कापायला बोलावत. वहिनींना कुणी बोलावत नसे. त्या विचारतही नसत. चुलीशी बसून बाहेरच्या बायकांचा हसण्या-बोलण्याचा आवाज ऐकत. मी तेव्हा घरात असलो तर उठून बाहेर जायचो.

मधल्या काळात बाबा गेले. शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी बसत होतो, पाय दाबत होतो, आणि खोक्यांबद्दल एक अक्षर बोललो नाही. त्यांची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

मग माझं लग्न झालं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या अंगणात कुरड्या घालायचं ठरलं. माझी बायको सकाळी लवकर उठून गव्हाचा चीक ढवळायला निघाली. जाता जाता तिने मला सहज विचारलं, "अहो, मोठ्या जाऊबाईच्या हातानं रोपं जळतात म्हने. माय म्हने, त्याईले चिकापाशी येऊ नको देजो. खरं हाय का ते?"

तिच्या आवाजात वाईटपणा नव्हता. नव्या घराची रीत शिकून घ्यावी तसं तिने विचारलं होतं.  उद्या आमची मुलं होतील, तीही असंच विचारतील आणि त्यांनाही हेच सांगितलं जाईल, हे मला प्रथमच स्पष्ट दिसलं.

मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी सुपात तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच बोललो.

"वहिनी, ते खोके मिठाचे होते. मले माहीत होतं. दुकानदारानं सांगतलं होतं."

त्यांचे हात थांबले नाहीत. एक खडा त्यांनी बाजूला काढला, मग दुसरा.

"माफ करा," मी म्हणालो.

"मले कायले सांगता?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "माहा हात जळका नाई हे मले माहीतच हाये. सहा वर्षांपासून माहीत हाये. ज्याईले माहीत नाई त्याईले सांगा ना."

"सांगतो. संध्याकाळी मायले..."

"संध्याकाळी कायले? आत्ता बसल्या हायेत ना साऱ्या. मले नाव दिलं तवा काय कोपऱ्यात नेऊन दिलं होतं का?"

त्या सूप बाजूला ठेवून उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. माझ्यासाठी वाट ठेवली होती.

अंगणात खाटेवर धोतर अंथरलं होतं. माय सोऱ्या फिरवत होती. शेजारच्या पाच-सहा जणी होत्या, माझी बायको पातेल्याशी. मला पाहून एक शेजारीण म्हणाली, "काय बापू, तुमीबी येता का कुरड्या टाकाले?" साऱ्या हसल्या.

"माय," मी म्हणालो, "त्या वर्षी रोपं वहिनीनं नाई जाळली."

सोऱ्या थांबला. "काय बोलून राह्यला तू?"

"खोके मिठाचे होते. मी नीट धुतले नाई. मातीवर मीठ आलं होतं ते मी चाखून पाह्यलं होतं, अन् मंग मातीत लपोलं. बाबानं तुह्यासमोर इचारलं तवा मी खोटं बोललो."

"चूप बैस," माय म्हणाली. "बाया बसल्या हायेत."

"त्याईच्यासमोरच सांगाचं हाये."

 मायचा चेहरा लाल झाला होता. बायको माझ्याकडे अशी पाहत होती की ती नजर मला अजून आठवते.  मी मागे वळलो, दारातल्या वहिनींपुढे गेलो, खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वहिनी, तुमच्या हातानं काई जळलं नाई. मी जाळलं, अन् तुमाले बोल लागू देला. सहा वर्षं लागू देला. मले माफ करा."