साडूचा नळ

खोपोलीपासून कर्जतपर्यंत स्वतःच्या संडासाच्या नळाचा इतका अभिमान बाळगणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. लढाई संपली त्या सुमारास खोपोलीच्या वीजघरात कारकुनी करता करता त्याने साहेबांच्या बंगल्यांत मैला वाहून नेणारे नळ पाहिले आणि स्वतःच्या घरालाही बसवून घेतले. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला मागच्या भिंतीपाशी नेऊन नळाला कान लावायला सांगायचा, आत बायकोला बादली ओतायला लावायचा आणि म्हणायचा, "ऐका. आता वळणावर आलं. आता खड्ड्यात गेलं." वास वर जावा म्हणून छपराच्याही वर चढवलेला बिडाचा नळ तो दर दिवाळीला हिरवा रंगवी. लग्नाच्या पंगतीत नळाला उतार किती हवा, हे पानावर मठ्ठ्याचा ओघळ काढून दाखवी. शेजारचे उठून गेले तरी थांबत नसे.

लोक हसायचे. मला हसू येत नसे, कारण आमची ही बहिणीकडे चार दिवसांसाठी जाई आणि महिना काढून येई. आल्यावर परसाच्या टोकाला असलेल्या आमच्या संडासाकडे बघून म्हणे, "ताईकडं वास म्हणून नाय." साडूची जमीन माझ्याहून कमी, रूप तर विचारूच नये, पण आमच्या घरात नाव निघे ते त्याचंच.

मग माझे वडील पडले आणि कंबरेतून अधू झाले. परसापर्यंत जाणं संपलं. खाटेशी भांडं ठेवलं की ते तोंड फिरवत. पुढे पुढे जेवणच कमी केलं. काय करावं याचा मी विचार करतोय तोवर साडू बैलगाडीत पेंढ्यावर खापरी नळ रचून दारात हजर. मला न विचारता त्याने वडिलांच्या खोलीची भिंत फोडली, पलीकडे आडोसा उभारला आणि चिखलात बसून एकेक नळ जोडला. त्याच्या खांद्याला धरून वडील पहिल्यांदा आत जाऊन आले आणि मला म्हणाले, "पोरानं लाज राखली रं माझी." ते पोर मी नव्हतो.

पुढे नळ तपासायच्या निमित्ताने तो वरचेवर येई. दोघांच्या हसण्याचा आवाज ओसरीपर्यंत ऐकू येई. माझ्याशी वडील तसे कधी हसले नाहीत.

वडील गेले त्या दिवशी तो धापा टाकत आला आणि ओसरीवर बसून ढसाढसा रडला. लांबून आलेल्या एका पाहुण्याने त्यालाच विचारलं, "थोरले का तुमी?" मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. मला रडू येत नव्हतं, आणि त्याच्या रडण्याचाही मला हेवा वाटला. त्याने डोळे पुसले, थोडा सरकला आणि शेजारच्या जागेवर हात ठेवला.

"बसा, साडू."

मी बसलो.