नलिनीताई आणि फॉर्म सोळा-ए

साडेनऊवर एक मिनिट उलटलं की नलिनीताईंचा फोन यायचा. "कुठे पोहोचलीस गं? मेट्रो अडकली की झोप उघडली नाही?" आर. के. पुरमहून गाझियाबाद गाठेपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा, पण त्या फोनचा राग कधी आला नाही. सासर-माहेर दोन्ही महाराष्ट्रात. दिल्लीत कुणीतरी हक्काने खडसावतंय, याचंच मला अप्रूप होतं.

आमच्या भाषांतर कंपनीत त्या मराठी विभागाच्या प्रमुख. माझा शब्द लाल पेनाने खोडत, अर्ध्या तासाने तोच परत लिहीत आणि म्हणत, "अच्छा, चलो, तुझंच बरोबर." दर अकरा महिन्यांनी नवा करार पुढे सरकवत. मी वाचायला लागले की, "आपल्या माणसांत काय वाचायचंय यार? कर सही." सहा वर्षं केली. जूनमध्ये त्या करकपातीचा फॉर्म हातात देत. नवऱ्याला सरकारी ऑफिसातून फॉर्म सोळा मिळायचा, मला सोळा-ए. शाळेत तुकडी असते तसा तो 'ए' असेल, असं धरून मी विवरणपत्रात खुशाल स्वतःला पगारदार म्हणवत होते. मूर्खपणा माझाच, नाही म्हणत नाही.

सातव्या महिन्यात ताईंनी ऑफिसातच माझं डोहाळजेवण केलं. फुलांची वाडी घातली, ओटी भरली. इथल्या मुली हौसेने फोटो काढत होत्या आणि ताई त्यांना सांगत होत्या, "मेरी ही बेटी है ये." मला रडूच फुटलं.

पुढच्या आठवड्यात बाळंतपणाच्या रजेचा अर्ज घेऊन मी त्यांच्यापुढे बसले. त्यांनी तो पुरता वाचलाही नाही. "अगं, तू कन्सल्टंट. रजा एम्प्लॉयीला असते. तुझा करार पुढच्या महिन्यात संपतोय, बस."

घरी नवऱ्याने दोघांचे फॉर्म शेजारी ठेवले. त्याच्यावर पगार, माझ्यावर व्यावसायिक शुल्क. "कागदावर तू सहा वर्षं फ्रीलान्सर आहेस," तो म्हणाला. मग रोज हजेरी कुणाची लावत होते मी?

दुसऱ्या दिवशी ताईंना विचारलं, "तुम्हाला कोणता फॉर्म मिळतो?"

"सोळा," स्क्रीनवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "माझं वेगळं आहे गं."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. दर जूनला ठाऊक होतं.

मी लेबर ऑफिसात तक्रार केली. सुनावणी लागली तेव्हा मुलगी पाच महिन्यांची होती. कंपनीच्या बाजूने ताई आल्या. अधिकाऱ्याने कामाच्या वेळा विचारल्या, तर शांतपणे म्हणाल्या, "जी, ये अपनी मर्ज़ी से आती-जाती थीं. हमने कभी टाइम नहीं पूछा."

रजा मिळो न मिळो. ज्या बाईला मी आईच्या जागी मानलं, तिने माझी सहा वर्षं एका वाक्यात पुसून टाकली. वकिलाने म्हटलं असतं तर इतकं लागलं नसतं. निकाल अजून लागायचा आहे.

बाहेर जिन्यापाशी त्या नेहमीसारख्या हसत आल्या. "आलं गं आमचं पिल्लू!" म्हणत हात पुढे केले. मुलीला काय कळतंय, ती खिदळत त्यांच्याकडे झेपावली. मी तिला ओढून छातीशी धरलं.

"नाव तरी सांग काय ठेवलंस," ताई म्हणाल्या.

मी सांगितलं नाही.