वाळवीचं औषध

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेले ट्रक आमच्या भागात बरेच आले. त्यांतला एक माझ्या वडिलांनी घेतला. आमचे गाव नशिराबादपासून तीन-चार मैल आत. दिवाळीनंतर गावचा कापूस सरकी काढायला जळगावच्या जिनात पोचवायचा, एवढेच त्या ट्रकचे वर्षभरातले खरे काम. बाकीचे महिने तो गोठ्यामागे निंबाखाली उभा असायचा. पुढचे लोखंड लष्करातले, मागचा हौदा गावच्या सुताराने सागाच्या फळ्यांचा बांधलेला. हँडल मारल्याशिवाय तो कधी सुरू झाल्याचे मला आठवत नाही.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांची दुसरी माया होती ती एका तितरावर. ज्वारीच्या कापणीत सापडलेले अंडे त्यांनी कोंबडीखाली ठेवून उबवले, आणि त्यातून हा नर निघाला. त्याचा पिंजरा रानात ठेवून भोवती फास लावले, की हा ओरडायचा आणि रानातले नर त्याच्याशी भांडायला येऊन फासात अडकायचे. आईला हे पटत नसे. ती आपल्या चुलीवर तितर चढवू द्यायची नाही. मग आबा गोठ्यामागे तीन दगड मांडून वेगळ्या पातेल्यात स्वतःच शिजवत.

बोलका तितर मात्र सहा वर्षांत घरातला एक झाला होता. ट्रकमध्ये आबांच्या डोक्याजवळ त्याच्या पिंजऱ्यासाठी आकडा ठोकलेला होता. इंजिन सुरू झाले की तो मान उंच करून ओरडायचा. तो ओरडला की गाडी वाटेत बंद पडत नाही, असे आबा सगळ्यांना सांगत. ती पडायची, तरी सांगत.

त्याला खायला वाळवी लागे. रोज सकाळी आबा कुदळ खांद्यावर टाकून बांधावरच्या वारुळाकडे जात आणि खणून डबाभर वाळवी आणत. अंगात ताप असला तरी हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितले नाही.

मी कॉलेजात इंटरला होतो त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो, तर वाळवी ट्रकच्या हौद्यालाच लागलेली. आबांनी फळीत बोट खुपसले ते आरपार गेले. वेचणी सुरू झाली होती. पंधरा दिवसांत कापूस भरायचा होता आणि नवीन फळ्या कुठून आणायच्या, हा प्रश्न होता. मी म्हणालो, यावर औषध मिळते. दुसऱ्याच दिवशी जळगावहून पावडरीचा पत्र्याचा डबा घेऊन आलो.

डब्यावरचा सगळा मजकूर इंग्रजीत होता. गावात तो वाचू शकणारा मी एकटा. कुणाकडे तार आली की ती माझ्याकडे यायची, आणि आबा पारावर बसून सांगायचे की आता तार वाचायला नशिराबादला जावे लागत नाही. मला कॉलेजात घातले म्हणून त्यांना लोकांनी वेड्यात काढले होते. त्यामुळे मी काहीही इंग्रजी वाचत असलो की ते हातातले काम टाकून शेजारी येऊन उभे राहत. त्या दिवशीही राहिले. मी वरच्या चार ओळी वाचल्या. पावडर किती घ्यायची, कुठे टाकायची, कशी टाकायची. खाली बारीक अक्षरांत आणखी बरेच काही होते. ते मला जाहिरातीसारखे वाटले.

मी सगळ्यांना बजावले, की हात धुवा, ट्रकजवळ गुरे बांधू नका. नाकाला उपरणे गुंडाळून फळ्यांवर आणि चाकांखालच्या मातीवर पावडर टाकली.

सकाळी मी निंबाच्या काडीने दात घासत उभा होतो. आबा ट्रकखालून वाकून बाहेर आले. हातात नेहमीचा डबा होता आणि तो काठोकाठ भरलेला.

"तुह्या औषदानं माह्यं काम केलं," ते म्हणाले. "आज कुदय नको. आयतीच पडली हाये."

मला बरे वाटले. मी हसलो. त्यांनी माझ्यासमोर पिंजऱ्याचे दार उघडले आणि मूठभर वाळवी आत टाकली. मी बघत होतो. आजही हे लिहिताना मला मधे काहीतरी बोलता येईल असे वाटते, पण मी तोंड धुवायला विहिरीवर गेलो.

दुपारी तितर पिसे फुलवून एका कोपऱ्यात बसला होता. थोड्या वेळाने त्याचे पाय थरथरू लागले, आणि उभे राहायला गेला की तो कुशीवर पडू लागला. आबांनी कापसाच्या वातीने त्याच्या चोचीत तूप सोडले, मग ताक. आई, जी त्या पक्ष्याला कधी हात लावत नसे, ती पदराने वारा घालत बसली.

जळगावला गुरांचा दवाखाना होता. आबा म्हणाले, तिथे नेऊ. कापसाआधी इंजिन बघायला म्हणून नशिराबादचे मिस्तरी आलेले होते. त्यांनी आबांच्या हातातला पिंजरा पाहिला आणि म्हणाले, "आबा, कापूस राह्यला बाजूले, पह्यले तितराची वरात का?" जमलेली माणसे हसली. आबा हसले नाहीत, तेव्हा मिस्तरींनीच हँडल हातात घेतले.

बऱ्याच वेळाने इंजिन धरले. पिंजरा माझ्या मांडीवर होता. आवाजाबरोबर तितराने मान थोडी उचलली. आबांनी गाडी हलवायची थांबवून वाट पाहिली. तो ओरडला नाही.

डॉक्टरांना दाखवायला म्हणून पावडरीचा डबा मी बरोबर घेतला होता. वाटेत ती बारीक अक्षरे मी पहिल्यांदा वाचली.

गावाबाहेरच्या नाल्यात ट्रक बंद पडला. तेलाच्या नळीत कचरा अडकला होता. आबांनी नळी सोडवून तोंडाने ओढली, तेल थुंकले, पुन्हा ओढली. मी खाली उतरून त्यांच्याजवळ उभा राहिलो. एका हातात पिंजरा आणि दुसऱ्या हातात डबा. दोन्हींपैकी कशाचेच काही करता येण्यासारखे नव्हते.

"काय लिव्हलं हाये त्याच्यावर?" त्यांनी विचारले.

मी त्यांना मराठीत सांगितले. पक्ष्यांना, माशांना, मधमाश्यांना हे विष आहे. पावडर लागलेले काहीही त्यांच्या खाण्यात येऊ देऊ नये. ते नळी हातात धरून शेवटपर्यंत ऐकत होते.

"हे कालबी व्हतं का त्याच्यावर?"

टोमणा नव्हता. त्यांना खरेच माहीत करून घ्यायचे होते.

"होतं," मी म्हणालो.

ते पुन्हा इंजिनात वाकले. नळी बसवून वर पाहिले तेव्हा तितर गेलेला होता. पिंजऱ्याच्या तळाशी तो इतका लहान दिसत होता, की मला आधी वाटले हा दुसराच कुठला पक्षी आहे. आबांनी हँडल मारले. तिसऱ्याच फेरीला ट्रक सुरू झाला. असे कधी होत नसे. त्यांनी तो नाल्यातच वळवला आणि घरी आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ उचलल्याचा आवाज आला. आबा वारुळाकडे गेले, खणून डबा भरून आणला, आणि अंगणात आल्यावर थांबले. मग तसेच परत गेले आणि तो वारुळावर ओतून आले. मी खाटेवर बसून बघत होतो.

मला ते कधी काही बोलले नाहीत. आईलाही बोलू दिले नाही. हौद्याला पुन्हा वाळवी लागली नाही, आणि त्या वर्षी कापूस वेळेवर गेला. ट्रकमधला पिंजऱ्याचा आकडा तसाच राहिला, रिकामा. खड्ड्यात गाडी आदळली की तो वाजायचा.

फक्त एक बदल झाला. पुढे गावात कुणाचीही तार किंवा कागद मी वाचला, की आबा जवळ येऊन हळूच विचारत, "खाली काही राह्यलं नही ना?" मी पुन्हा पाहत असे.

बी. ए. झालो तेव्हा पदवीचा कागद त्यांच्यासमोर धरून वाचून दाखवला. शेवटी आबांनी तेच विचारले. मी कोपऱ्यात छापलेला बारीक नंबरही वाचला, एकेक आकडा. मग त्यांनी तो कागद हातात घेतला.