सुमनच्या खांद्याची सुई

सुमन मला फसवून गेली.

आज तेरवी झाली. पाहुणे आत्ताच गेले.

आधी या ग्रुपवर तुम्हा सगळ्यांची विचारपूस करतो. रमेश, गुडघा कसा आहे? शालूताई, शुगर तपासली का? पंकज, पोरीचा ताप उतरला?

नुसतं "बरं आहे" लिहू नका. त्या दोन शब्दांवरचा माझा भरवसा उडालाय.

सुमन माझी धाकटी बहीण. वलगावले दिलेली.
जन्मापासून तिच्या खांद्यावर पाण्याचे फोड, बेडकाच्या अंड्यांसारखे. फुटायचे, गळायचे. भर उन्हाळ्यातल्या लग्नातही मनगटापर्यंत बाही.

लहानपणी एकदा कापलं होतं. पुन्हा आले.

मागच्या वर्षी मी तिला अकोल्याला दाखवून आणलं. डॉक्टरीणबाई मला एकट्याला आत बोलावून म्हणाल्या, "काका, कापायचं नाही. आतल्या नळ्यांत पाणी साठतं. सोनोग्राफीत पाहून सुईने काढू, औषध सोडू. चार सिटिंग. आधी सुजेल, मग बसेल. घरी मात्र फोडू नका."

मी आनंदाने सगळ्यांना सांगत सुटलो, "ऑपरेशन नाही बाप्पा, नुसती सुई."

पुढे माझी कंबर धरली. म्हणून सोबत भास्करला दिलं. माझा चाळीस वर्षांचा मित्र, जुना कंपाउंडर.

दर महिन्याला फोन करायचो. "लागली का सुई?"

"लागली ना दादा. बरं आहे. तू भाऊबीजेले देल्लं ते कापड ठेवलं हाय. आता अर्ध्या बाहीचं ब्लाउज शिवीन."

मग एक दिवस हुडहुडी भरून ताप. खांदा लालभडक. इर्विनच्या सरकारी दवाखान्यात नेलं तोवर विष रक्तात पसरलं होतं.

आज तिचं कपाट उघडलं.
कापडाची घडीही मोडलेली नाही. खाली फाईल.
फाईलमध्ये एकच सिटिंग.

भास्करला विचारलं, "बाकीच्या तीन?"

"पहिलीनंतर लय सुजलं. भेली बाई. म्हने, अकोल्याले नाही जात, तूच काढ पानी. मंग मीच घरी काढून देत होतो."

"मले कावून नाही सांगितलं?"

"तिनं शपथ घातली होती."
मग खाली पाहत म्हणाला, "आन तूच त म्हनत होता, नुसती सुई हाय."

भास्कर, तू माझ्या पाठीमागे हे केलंस. सुमे, तूही.

आणि डॉक्टरीणबाईंचं "आधी सुजेल" आणि "घरी फोडू नका", हे दोन्ही मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

जा सुमे. आपलं भांडण राहिलं.

बाकीच्यांनी लवकर लिहा. जे दुखतं, ते लिहा.