जवळजवळ नवीन

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या सरांकडे गाडी एकच. तीच त्यांची शाळा आणि तीच पोटापाण्याची सोय. बावीस वर्षांत अर्धं गाव त्यांच्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकलं होतं. माणूस जिभेने तिखट, पण रस्त्यावर सावध. आणि पैशाच्या बाबतीत असा, की मुठीतलं नाणं घामाने ओलं होईल पण सुटायचं नाही.

शिकाऊ लोक टायर फार खातात. कोणी फुटपाथला घासतं, कोणी करकचून ब्रेक मारतं. या खेपेला चारही टायर गुळगुळीत झाले, तेव्हा सर चार दुकानांत भाव विचारून घरी आले आणि बायकोला म्हणाले, "या भावात टायर घ्यायचे तर आधी गाडी विकावी लागेल!"

मग ते बायपासजवळच्या जुन्या टायरवाल्याकडे गेले.

"जवळजवळ नवीन आहेत, सर. खाचा बघा, नख बुडतंय," टायरवाला म्हणाला.

खाचा खरोखरच खोल होत्या. टायर काळेभोर चमकत होते आणि किंमत निम्मी होती. सरांनी चारही बसवून घेतले.

सीटची कव्हरं शिवता शिवता बायकोने खिडकीतून गाडीकडे पाहिलं. "अहो, एवढे चांगले होते, तर ज्याचे होते त्याने काढले कशाला?"

"तुला सगळ्यातच खोट दिसते," सर हसून म्हणाले. पण तो प्रश्न कुसळासारखा त्यांच्या मनात रुतून बसला.

तिसऱ्या आठवड्यात गाडी धुताना टायरची चमक पाण्याबरोबर वाहून गेली. खाली बारीक भेगा होत्या, टाचेला पडतात तशा. सरांनी अंगठा ओला करून घासून पाहिलं. भेगा गेल्या नाहीत. 'उन्हाने होतं रबराला असं,' त्यांनी स्वतःला समजावलं. त्या दिवशी मात्र त्यांनी गाडी भिंतीला अगदी चिकटवून लावली. ती बाजू बायकोला दिसू नये म्हणून.

पुढे गाडी गुणगुणू लागली. जरा वेग घेतला की पायाखालून बारीक घरघर यायची. सर बोलता बोलता थांबायचे, कान द्यायचे आणि पुन्हा बोलायला लागायचे.

हॉस्पिटलातल्या एक सिस्टर त्यांच्याकडे शिकत होत्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, हात एकदम स्थिर. परीक्षेआधीचा शेवटचा धडा मोठ्या रस्त्यावर घ्यायचा होता. 'यांची परीक्षा झाली की बदलूच टायर,' असं ठरवून सर शेजारी बसले. ऐन दुपार होती. रस्ता तापून चकाकत होता, मागे एक टँकर येत होता.

घरघर अचानक थांबली. तिच्या जागी धप, धप, धप असा आवाज सुरू झाला.

"सर, हे काय?"

"वेग कमी करा. सावकाश..."

वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचा टायर फुटला. सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे स्टिअरिंग घट्ट धरलं आणि ब्रेकला पाय लावला नाही. पण शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. 'टायर फुटला तर ब्रेक मारायचा नाही' हे बावीस वर्षं घोकून घेणाऱ्या सरांनी तो सगळ्या ताकदीने दाबला. गाडी गर्रकन फिरली. टँकर वीतभर अंतरावरून भोंगा वाजवत गेला आणि गाडी कठड्यावर आदळली.

सिस्टरांच्या कपाळातून रक्त वाहत होतं, तरी त्यांनी आधी सरांचा खांदा चाचपला. "हलू नका, गळ्याजवळचं हाड मोडलंय." मग हळूच म्हणाल्या, "सर, मी ब्रेक दाबला नव्हता."

"माहीत आहे. मी दाबला."

गॅरेजवाल्याने दुसऱ्या टायरची कड फडक्याने पुसून चार आकडे दाखवले: पहिले दोन टायर बनला त्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर बारा वर्षांचा होता. कुठल्या तरी गोदामात पडून राहिलेला. खाचा शाबूत, पण रबरातला जीव गेलेला.

हात गळ्यात बांधून सर टायरवाल्याकडे गेले. भांडायला गेले होते, पण तोंडून निघालं वेगळंच.

"असे आणखी किती होते?"

"त्या मालातले? वीसेक असतील. सगळे खपले."

"कोणी नेले?"

"जुन्या टायरची पावती कोण फाडतं, सर?"

हाड सांधलं. गाडीला नवे टायर आले, पूर्ण किमतीचे. सिस्टर पहिल्या फटक्यात पास झाल्या. आता सरांचा पहिला धडा गाडीबाहेर, चाकाजवळ उकिडवं बसून होतो.

पण सिग्नलला थांबलं की त्यांची नजर शेजारच्या चाकांवर जाते. परवा एका गाडीचे चारही टायर तसेच काळेभोर चमकताना दिसले. मागच्या सीटवर दोन लहान मुलं झोपली होती. सर उतरले आणि काच ठोठावली. "साहेब, टायर कुठून घेतलेत? कडेचे आकडे एकदा..."

चालवणाऱ्याने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि उरलेली काचही वर घेतली. सिग्नल हिरवा झाला. गाडी मोठ्या रस्त्याकडे वळली.